पातळी दोन

३ फेब्रुवारी

ताई,

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर मी रडते आणि तू समजूत घालतेस. या वेळी मला दोन्ही नको आहे.

काल मुंगीच्या प्रयोगशाळेत तिच्या नावाने एक कागद आला. ती तो घरी न नेता थेट माझ्या दुकानात घेऊन आली. मी एका बाईंच्या कोटाची बाही उसवत होते. मुंगीने कटिंगच्या टेबलावर जागा केली, कागद सपाट ठेवला, चारी कोपऱ्यांवर खडू ठेवले आणि म्हणाली, वाच. मजकूर असा: मनोविकारांच्या वर्गीकरण-पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत 'एकतान लक्षणसमूह' हा वर्ग राहिलेला नाही. सबब त्या वर्गासाठी राखीव असलेल्या जागेवरील कर्मचाऱ्याने ३१ मेपूर्वी नव्या वर्गाचं प्रमाणपत्र आणावं. नवा वर्ग 'स्वमग्नता'. त्यात तीन पातळ्या. पातळी दोन किंवा तीन असेल तर जागा राहील, एक असेल तर नाही.

चार वर्षं झाली तिला तिथे. बियाण्याचे नमुने येतात, ती भिंगाखाली एकेक दाणा चिमट्याने बाजूला करते. चांगलं बी एका ढिगात, दुसऱ्या पिकाचं बी दुसऱ्यात, काडीकचरा तिसऱ्यात. मागच्या बाजूला तिला एक लहान खोली दिली आहे, दार लागणारी. राखीव जागेवरच्या माणसाला हवी ती सोय द्यावी असा नियम आहे, म्हणून ती खोली. तिच्या प्रमुख बाई मला म्हणाल्या होत्या की मुंगीचा तक्ता त्या पुन्हा तपासायच्याही थांबल्यात. सव्वीस वर्षांत या मुलीबद्दल मी ऐकलेली ही पहिली तक्रार नसलेली गोष्ट.

कागद वाचून झाल्यावर तिने मला विचारलं, वर्ग राहिलेला नाही म्हणजे आम्ही गेलो कुठे? आम्ही म्हणजे ती आणि तिची गुरुवारची पाच जणं, सगळे एकतान. पुस्तकांच्या दुकानामागे जमतात, एकमेकांकडे न बघता तासन्तास गप्पा मारतात.

तू त्या पुस्तिकेच्या समितीवर आहेस. दोन वर्षं तू तिकडे बैठकांना जातेस आणि मी अभिमानाने लोकांना सांगते की माझी मावसबहीण आहे. मला एवढंच सांग, हे होताना तू खोलीत होतीस ना? काय बोललीस?

खार


१७ फेब्रुवारी

प्रिय खारे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. रागावण्याचा तुला पूर्ण हक्क आहे. पण हे कुणी आकसाने केलेलं नाही, ते आधी सांगते.

समितीपुढे एक चित्रफीत होती. एक मूल, एक तास, एकच खोली. ती बारा अनुभवी डॉक्टरांना वेगवेगळी दाखवली. पाच जण म्हणाले एकतान. चार म्हणाले स्वमग्नता. तिघांनी तिसरंच काही सांगितलं. मूल तेच होतं, खारे. मग नाव कशावर ठरत होतं? कोणत्या दवाखान्याचं दार उघडलं, यावर. असं नाव चालू ठेवणं प्रामाणिकपणाचं झालं नसतं.

हाड मोडलं तर चित्रात दिसतं. साखर रक्तात मोजता येते. आमच्याकडे तसं मोजायला काही नाही. माणूस काय करतो, काय सांगतो, कशाने त्याचं अडतं, एवढंच हाताशी असतं. त्यातल्या कोणत्या गोष्टी एकत्र बांधून त्यांना एक नाव द्यायचं, हे शेवटी ठरवावं लागतं. टेकडी खरी असते, पण ती कुठे सुरू होते ती रेघ माणसं मारतात. समितीत असं ठरलं की एकतान आणि स्वमग्नता यांच्यामधल्या रेघेला आधार नाही.

मुंगीला सांग की ती कुठेही गेलेली नाही. ती कालच्यासारखीच आहे. तिला एकदा इकडे पाठव किंवा मी येते. नीट, नव्या पद्धतीने तपासते.

तुझी ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

मी कापडावर खडूने रेघ मारते तेव्हा मलाही ठाऊक असतं की ती रेघ माझी आहे, कापडाची नाही. पण एकदा कात्री चालवल्यावर 'रेघ काही कापडात नव्हती' असं गिऱ्हाइकाला सांगून बघ. ते मला दुकानासकट बाहेर फेकेल.

तुला तो दिवस आठवतो का? मला घड्याळातल्या वेळेसकट आठवतो. मुंगी नऊ वर्षांची होती. तीन शाळा झाल्या होत्या. एका बाईंनी तिला हट्टी म्हटलं, एकींनी आगाऊ, तिचे बाबा म्हणायचे लाडाने बिघडली. तू आमच्याकडे आलीस आणि दुपारभर तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिलीस. ती माझ्या डब्यातली बटणं लावत होती. आधी रंगाने, मग भोकांनी, मग कुठल्या तरी रीतीने जी तुला नि मला कळली नाही. चार वाजून दहा मिनिटांनी तू उठलीस आणि ओट्यापाशी येऊन मला म्हणालीस, "खारे, सापडलं."

सापडलं म्हणालीस, ताई. ठरवलं नाही म्हणालीस. मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून ओट्यापाशी उभी राहून रडले, कारण नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणी तिचा दोष न काढता तिचं वर्णन केलं होतं. त्या नावावर मी शाळेशी भांडले. त्या नावावर तिने स्वतःला समजून घेतलं. हॉटेलात भांडी वाजायला लागली की पूर्वी ती टेबलाखाली जायची, आता सांगते, मी एकतान आहे, मला बाहेर थांबायचंय. आणि आता तू टेकड्या दाखवतेस. सापडलेली गोष्ट मतदान घेऊन हरवते कशी, ते मला सांग.

ती कालच्यासारखीच आहे, असं तू लिहितेस. नाही गं. परवाच्या गुरुवारी ती गेली नाही. म्हणाली, ज्या नावाने जमायचो ते नाव नसेल तर कशासाठी जमायचं.

आणि 'समितीत ठरलं' काय? पाऊस पडला, तसं ठरलं? तिथे माणसं बसली होती ना? तुझा हात वर होता की खाली, एवढं एकच मला कळव. बाकी काही लिहू नकोस.

खार


११ मार्च

खारे,

वर होता.

बाकी लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहिते. हे कळल्यावर तू मला जे म्हणशील ते म्हण, पण सगळं ऐकून म्हण.

आमच्या रुग्णालयात लिफ्ट चालवणारे एक गृहस्थ आहेत. त्यांची मुलगी मुंगीच्याच वयाची. दिवसभरात लिफ्ट कितव्या मजल्यावर किती वेळा थांबली, हे ती वडिलांना घरी बसल्या बसल्या त्यांच्या बोलण्यावरून मांडून दाखवायची. मोठ्या आवाजाने तिची मुंगीसारखीच अवस्था व्हायची. तिला एकतान हे नाव कुणीही दिलं नाही. तिच्या कागदावर आधी मतिमंद लिहिलं, मग वर्तनदोष. शाळा सातव्या वर्षी सुटली. आज ती घरात असते, दाराला बाहेरून कडी. मी तिला पाहिलं तेव्हा ती तेवीस वर्षांची होती.

तिला मनोविकारतज्ज्ञ मावशी नव्हती, एवढाच फरक. आम्ही आकडे काढले तेव्हा हेच दिसलं. ज्यांच्या आईवडिलांना नीट बोलता येतं, तीन-तीन डॉक्टर गाठता येतात, त्यांच्या मुलांना ते बरं दिसणारं नाव मिळत होतं. बाकीच्यांना उरलेली नावं. नाव मनाचं म्हणून दिलं जात होतं, पण मोजलं जात होतं घर. म्हणून मी हात वर केला. सगळ्यांना एका छपराखाली आणायचं आणि आत कुणाला किती मदत लागते तेवढं बघायचं, असा विचार होता. पातळ्यांवरून कुणी नोकऱ्या काढून घेईल, हे समितीत कुणाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. हा गुन्हा मला कबूल आहे.

आणि 'सापडलं' म्हटलं त्याबद्दल: त्या दिवशी मला खरंच तसं वाटलं होतं. मला मुंगी सापडली होती. मी समजले, नाव सापडलं.

ताई


२० मार्च

ताई,

त्या मुलीबद्दल वाचून मी दुकान लवकर बंद केलं. दोन दिवस तुझ्यावर रागावणं जमेना, आणि त्याचाही राग आला. तू नेहमी असंच करतेस. लहानपणी भांडण रंगात आलं की तुला कुणीतरी आपल्याहून दुःखी माणूस आठवायचा.

तिच्या दाराची कडी काढायलाच हवी. पण त्यासाठी तुम्ही माझ्या मुलीच्या खोलीचं दार काढून नेलंत आणि तिला काही मिळालं का? तिची कडी निघाली का? मला माहीत आहे, नाही निघाली. निघाली असती तर तू लिहिलं असतंस.

आता मी जे मागते आहे ते तुला आवडणार नाही. मी पुस्तिकेतलं पान मिळवून वाचलं. पातळी एक: 'साहाय्याची गरज'. पातळी दोन: 'दैनंदिन व्यवहारांत सतत व भरीव साहाय्याची गरज'. मुंगी एकटी बसने जाते, स्वतःचं जेवण करते, तिचा पगार, तिची औषधं, तिचे कागद सगळं तीच बघते. म्हणजे ती पातळी एक. म्हणजे ती एवढी नीट उभी राहिली की तुम्ही तिच्या पायाखालची फळी काढणार. तिने गेल्या चार वर्षांत एकदा तरी प्रयोगशाळेच्या हॉलमध्ये कोसळून पडायला हवं होतं, तर पात्र ठरली असती.

तू लिहून दे. पातळी दोन. तुझ्या सहीला कुणी काही विचारणार नाही. मुंगीला मी काही सांगितलेलं नाही.

खार


२ एप्रिल

खारे,

सोबत बंद पाकीट आहे. चौदा वाक्यं आहेत, त्यांतली बरीच खरी नाहीत. तीस वर्षांत असं पहिल्यांदाच करते आहे. मनाची समजूत अशी घातली आहे की पातळ्याही शेवटी आम्हीच आखलेल्या. जिथे रेघच आमची, तिथे कुणाला या बाजूला की त्या बाजूला ठेवलं याने निसर्गाचं काय बिघडतं?

पाकीट उघडू नकोस. थेट कार्यालयात दे. मुंगीला वाचू देऊ नकोस, एवढं सांभाळ.

ताई


५ मे

ताई,

नाही सांभाळता आलं.

राखीव जागांचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे. लांब खोली, एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला बाक. मी मुंगीला बाकावर बसवलं आणि पाकीट घेऊन खिडकीपाशी गेले. आतल्या कारकुनाने ते फोडलं आणि म्हणाला, उमेदवाराची सही लागेल, प्रत्येक पानावर, 'वाचून समजलं' लिहून. मी म्हटलं, मी आई आहे, मी करते. तो म्हणाला, उमेदवार सज्ञान आहे ना, मग तिलाच करू दे. आणि हाक मारली.

तुला ठाऊक आहे ती न वाचता कशावर सही करत नाही. खिडकीच्या फळीवर पानं मांडून तिने वाचायला सुरुवात केली. मागे रांग वाढत होती. मी तिच्या कानाशी पुटपुटले की नुसती सही कर, घरी सांगते. तिने पिशवीतून लाल पेन काढलं. त्यांच्या प्रयोगशाळेत तक्त्यावर चुकीची नोंद झाली तर कागद फाडत नाहीत. चुकीवर एक आडवी रेघ मारायची, अशी की खालचं वाचता येईल, वर बरोबर ते लिहायचं, बाजूला सही आणि तारीख. तिने तुझ्या प्रमाणपत्रावर तेच केलं. 'एकटीने प्रवास करू शकत नाही' यावर रेघ. वर लिहिलं, करते, रोज, दोन बस. 'स्वतःच्या व्यवहारांचे भान नाही' यावर रेघ. वर लिहिलं, आहे. अशा अकरा रेघा. मग तिने पानं कारकुनाकडे सरकवली आणि म्हणाली, "यातलं बरंचसं माझ्याबद्दल नाही. दुरुस्त केलंय."

कारकून माझ्याकडे बघायला लागला. आणि ताई, मी जे बोलले ते लिहिताना माझं मलाच तोंड दाखवावंसं वाटत नाही. मी म्हटलं, "तिला कळत नाही हो."

तिच्यासमोर. तिच्या तोंडावर.

त्याने मान हलवली, समजूतदारपणे, जशी लोक हलवतात. कागद ठेवून घेतले. आता ते तुला पत्र पाठवणार आहेत की खरं काय, डॉक्टरांचं लिखाण की उमेदवाराच्या रेघा.

मुंगी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. कामावर जाते, येते, जेवते. काल फक्त विचारलं, "आई, तू मला कुठल्या ढिगात टाकलंस?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

मी तिच्यावर चिडले आहे, तुझ्यावर चिडले आहे, त्या पुस्तिकेवर आणि ती छापणाऱ्यावर चिडले आहे. पण जागा अजून वाचू शकते. तूच एकदा मला सांगितलं होतंस की आपल्या स्थितीची जाणीव नसणं हेही तुमच्याकडे लक्षण धरतात. तेवढं एक वाक्य लिही. प्रमाणपत्र बरोबर आहे, तिला जाणीव नाही. तुझं नाव राहील, तिची खोली राहील. माझ्याशी ती वर्षभर बोलली नाही तरी चालेल.

खार


६ मे

मावशी,

आईने तुला काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही, पण काय लिहिलं असेल ते मला माहीत आहे. ती पत्र पेटीत टाकून आल्यावर दोनदा कपाटात कपडे लावत बसली.

तू आईला लिहिलंस की पातळ्या तुम्हीच आखल्या, म्हणून माझी पातळी बदलून लिहिली. ते पत्र शिवणयंत्राच्या खणात होतं, तिथे माझी कात्री असते. त्याबद्दल मला तुला एक गोष्ट सांगायची आहे.

आमच्याकडे तुटलेल्या बियांचा एक नियम आहे. तुकडा अर्ध्याहून मोठा असेल तर ते बी धरायचं. अर्धा किंवा लहान असेल तर कचरा. अर्धं हे बियांवर लिहिलेलं नसतं. ते माणसांनी ठरवलं, म्हणजे इथल्या प्रयोगशाळेत आणि दुसरीकडच्या प्रयोगशाळेत एकच उत्तर यावं. उद्या त्यांनी दोन तृतीयांश ठरवलं तर मी तसं करीन. मला ठरवण्याचा राग नाही. पण एकदा अर्धं ठरलं की प्रत्येक तुकडा मोजावा लागतो. रेघ आपली आहे म्हणून कोणताही तुकडा कुठेही टाकला, तर तो तक्ता खोटा. तू मला मोजलं नाहीस. राग त्याचा आहे.

दुसरं. माझ्या खोलीत मला काही होत नाही. हॉलमध्ये पंखा असतो, खुर्च्या सरकवतात, तिघी एकदम बोलतात, तिथे होतं. तीच मी, तीस पावलांवर. मग विकार माझ्यात आहे की हॉलमध्ये, हे लिहायला तुमच्या पुस्तिकेत रकाना आहे का? नसेल तर तो पुढच्या बैठकीत मांड. एकतान हे नाव मला आवडायचं, कारण ते नाव घेतल्यावर माझ्यासारखी पाच माणसं भेटली. नाव काढताना तुम्ही आम्हा सहांपैकी एकालाही विचारलं नाही. चित्रफीत बघितलीत. चित्रफितीला विचारता येत नाही.

तिसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. कार्यालय तुला विचारेल की प्रमाणपत्र खरं की माझ्या रेघा. प्रमाणपत्र खरं म्हणालीस, तर माझ्या अकरा रेघा लक्षण ठरतील. मग पुढे मी जे बोलेन तेही लक्षण ठरेल. मी म्हटलं दात दुखतो, तरी आधी आईला विचारतील.

मला नोकरी हवी आहे. खूप हवी आहे. सात वाजून वीस मिनिटांनी निघताना मला दिवस कसा जाणार ते माहीत असतं, असं दुसरं काही माझ्याकडे नाही. तरी मला खोट्या तक्त्यावरची खोली नको.

तू खरं लिही.

मुंगी


१४ मे

खारे, आणि मुंगी,

हे पत्र दोघींना आहे. एकत्र वाचा, किंवा आधी मुंगीने वाचावं.

खारे, तुला मी नाही म्हणते आहे. कार्यालयाला जे पाठवलं त्याची प्रत सोबत आहे, उघड्या पाकिटात. तीनच ओळी आहेत. ते प्रमाणपत्र मी तपासणी न करता, जाणूनबुजून चुकीचं दिलं. उमेदवाराने केलेल्या अकराही दुरुस्त्या बरोबर आहेत. तिच्याबद्दल तिचं म्हणणं आणि माझं म्हणणं यांत फरक पडला असेल, तर तिचं खरं धरावं.

त्याबरोबर खरं प्रमाणपत्रही पाठवलं. पातळी एक.

त्यांनी पाठवलेली पानं मी इथे टेबलावर घेऊन बसले होते. अकरा वाक्यं तिने कापलेली, तीन तशीच ठेवलेली. 'अचानक झालेला बदल सहन होत नाही.' 'समोरच्याच्या चेहऱ्यावरून राग ओळखता येत नाही.' 'गोंगाटात काम करू शकत नाही.' ही तिन्ही तिला कमीपणा आणणारी होती, त्यांवरही रेघ मारून टाकता आली असती. तिने मारली नाही, कारण ती खरी आहेत. आमच्या समितीत अकरा जण होतो आणि माणसाकडे इतक्या सरळ नजरेने बघणारं एकही नव्हतं, मी धरून.

समितीतून मला नाव काढून घ्यायला सांगितलं आहे. परवान्याची चौकशी होईल. ते होऊ दे. त्याआधी एक बैठक उरली आहे, तिथे मी मुंगीचं पत्र वाचणार आहे, तिची परवानगी असेल तर. मुंगी, तुझं 'हो' किंवा 'नाही' तू स्वतः कळव.

आणि मला क्षमा कर, असं लिहिणार होते. पण ते मी तुझ्याकडे मागून घ्यायचं आणि तू द्यायचं, म्हणजे पुन्हा तुलाच काम लावणं. म्हणून नाही लिहीत.

ताई


२८ जून

ताई,

इतके दिवस पत्र नाही, कारण हात उचलवत नव्हता. तुझ्यावर मी अजून रागावलेली आहे. तू बरोबर केलंस हे मला कळतं, म्हणून तो राग जास्त टिकला आहे.

जागा गेली. ३१ मेला मुंगी घरी आली, हात धुतले, जेवली, आणि दुसऱ्या दिवशी सात वाजून वीस मिनिटांनी चपला घालून दारात उभी राहिली. दहा मिनिटं. मग चपला काढल्या. असं चार दिवस चाललं. बोलायला तोंड कुठे होतं मला.

पाचव्या दिवशी ती चपला घालून गेलीच. राखीव जागांच्या कार्यालयात. तिच्या प्रमुख बाईंनी मुंगीचा अर्ज वर पाठवला होता आणि सोबत लिहिलं होतं की या मुलीला वर्गाची नाही, दार लागणाऱ्या खोलीची गरज आहे, आणि खोली तर रिकामीच आहे. त्याला उत्तर आलेलं नव्हतं. मुंगी ते उत्तर मागायला गेली. तिला सांगितलं, पुढच्या बुधवारी या. ती गेली. पुन्हा पुढचा बुधवार. त्यांना वाटलं ही कंटाळेल. त्यांना मुंगी माहीत नाही.

परवा, तिसऱ्या बुधवारी, मी दुकान बंद करून तिच्यासोबत गेले. तिने मला ये म्हटलं नाही, नको पण म्हटलं नाही. बाकावर ती कान झाकून बसली होती, मी शेजारी, मधे पिशवी. आमचा नंबर आला. खिडकीत तोच कारकून. मुंगीने अर्जाची प्रत पुढे केली आणि म्हणाली, उत्तर हवंय. तो म्हणाला, अर्ज कोणत्या वर्गातून आहे? ती म्हणाली, वर्गातून नाही, मला गोंगाटात काम करता येत नाही, एवढाच अर्ज आहे. तो म्हणाला, असा वर्ग नाहीये. ती म्हणाली, तो वर्ग नाहीच आहे, ते वाक्य आहे.

तेव्हा तो थकून माझ्याकडे वळला. तसाच समजूतदार चेहरा. म्हणाला, "काय म्हणायचंय यांना?"

सव्वीस वर्षं या प्रश्नाला मी उत्तर देत आले आहे, ताई. शाळेत, बसमध्ये, दवाखान्यात, तुझ्याकडेसुद्धा. उत्तर जिभेवर तयारच असतं. ते गिळायला मला किती वेळ लागला कुणास ठाऊक. मी म्हटलं, "तिला विचारा."

त्याने विचारलं. मुंगी बोलायला लागली. पहिल्या नमुन्यापासून, तारखांसकट, हॉलमधल्या पंख्याच्या कितव्या पात्याला काय होतं त्यासकट. मधेच तो काही लिहून घ्यायला लागला. मागे रांगेत कुरकुर सुरू झाली, कुणीतरी घड्याळाकडे बोट दाखवलं, एक बाई जोरात म्हणाल्या की बाकीच्यांनाही कामं आहेत.

मी मागे वळून कुणाचीही माफी मागितली नाही.

खार